गिझर दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? आधी पाणी कुठून गळतंय ते बघा

डिसेंबर-जानेवारी आला की नंदुरबार जिल्ह्यातल्या थंडीच्या बातम्या येतात. तोरणमाळ आणि अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब परिसरात दवबिंदू गोठतात, पांढऱ्या पडलेल्या गवताचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात. खाली तापीकाठच्या सपाटीवर एवढी थंडी नसते, पण पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी अंगावर घ्यायची हिंमतही होत नाही. आणि नेमके याच दिवसांत गिझर बंद पडतात. आठ महिने धूळ खात पडलेलं यंत्र आपण पहिल्या थंडीला सुरू करतो, त्यामुळे वर्षभरातला सगळा बिघाड एकाच सकाळी समोर येतो.

गेल्या जानेवारीत आमच्या शहाद्याच्या घरी असंच झालं. १५ लिटरचा, सात वर्षं जुना गिझर खालून टपकायला लागला. कंपनीकडून आलेल्या माणसाने झाकण न उघडताच सांगितलं, "टाकी गेली. नवीन घ्या, एक्स्चेंजमध्ये पाचशे कमी होतील." पप्पा नवा घ्यायला निघालेच होते. आई म्हणाली, आधी आपल्या गल्लीतल्या वायरमनला दाखवू.

वायरमन भाऊंनी चार बोल्ट उघडले, आतलं रबर बाहेर काढून दाखवलं. कडक होऊन तडकलेलं होतं. "काका, टाकी चांगली आहे. हे गॅस्केट गेलंय." मजुरीसकट साडेतीनशे रुपयांत काम झालं. पण खरी गोष्ट त्यानंतरची. जाता जाता त्यांनी सॉकेट उघडून बघितलं आणि विचारलं, "काका, याला अर्थिंगची वायर कुठंय?"

वायर नव्हतीच. तिसऱ्या पिनेचं भोक होतं, त्यामागे काही जोडलेलं नव्हतं. सात वर्षं आम्ही चौघं त्या गिझरखाली आंघोळ करत होतो.

म्हणून या लेखात 'दुरुस्ती की नवा' याचा हिशेब आहे, आणि त्याबरोबर त्या सॉकेटचाही.

गिझरच्या आत असतं तरी काय?

स्टोरेज गिझर म्हणजे एक टाकी. टाकीभोवती उष्णता धरून ठेवणारा फोमचा थर, त्यावर बाहेरचं पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं कव्हर. टाकीत खालून पाणी तापवणारं एलिमेंट घुसवलेलं असतं, त्यालाच आपण कॉइल म्हणतो. ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट असतो. तो अडकला तर शेवटचा उपाय म्हणून थर्मल कटआउट असतो. जादा दाब बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह थंड पाण्याच्या पाइपवर बसवलेला असतो. आणि बहुतेक टाक्यांमध्ये एक मॅग्नेशियमचा रॉड असतो, ज्याच्याबद्दल दुकानदार क्वचितच सांगतो. त्याच्याकडे आपण नंतर येऊ.

या यादीतली टाकी सोडली तर बाकी सगळं बदलता येतं. एलिमेंट, थर्मोस्टॅट, कटआउट, गॅस्केट, व्हॉल्व्ह, रॉड, दिवा, वायर, सगळं सुटं मिळतं आणि एका तासात बसतं. टाकीला भोक पडलं की मात्र गिझर संपला.

'वेल्डिंग करून देतो' असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. आपल्याला हे पटायला जड जातं, कारण आपल्या आज्यांच्या घरी तांब्याचा बंब असायचा. तो गळायला लागला की तांबट डाग देऊन द्यायचा, आणि बंब पुढची वीस वर्षं चालायचा. पण बंबाचं तोंड उघडं असतं, आत दाब नसतो. गिझरची टाकी बंद असते. बऱ्याच टाक्या लोखंडी पत्र्याच्या असतात आणि गंज लागू नये म्हणून त्यांना आतून काचेसारखा मुलामा दिलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तो मुलामा तडकतो, बाहेरचा फोम जळतो. एक भोक बुजवताना चार नवी भोकं पडायची सोय होते. एम-सीलचीही तीच कथा, गरम-गार होण्यात ते चार दिवसांत सुटतं.

गळतंय, पण कुठून?

'गिझर गळतोय' हे वाक्य चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरलं जातं, आणि त्यातल्या तीन गोष्टी स्वस्तात सुटतात.

पहिली गोष्ट तर बिघाडच नाही. गिझर चालू असताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी पडतं. पाणी तापलं की फुगतं. २० अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत तापवलं तर ते साधारण दीड टक्का वाढतं. म्हणजे १५ लिटरच्या टाकीत सव्वादोनशे मिलिलिटर, मोठा कपभर पाणी जास्त होतं. व्हॉल्व्हमध्ये पाणी मागे जाऊ न देणारी सोय असेल तर हे कपभर पाणी बाहेरच पडणार. व्हॉल्व्ह त्याचं काम करतोय. गिझर बंद असतानाही सतत धार लागली असेल तर व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकलाय किंवा तो खराब झालाय. तो बदलायचा.

बदलायचा, बुजवायचा नाही. टपकणं बंद करायला व्हॉल्व्हच्या तोंडाला प्लग मारून देणारे प्लंबर आहेत. त्या दिवसापासून तो गिझर म्हणजे शिट्टी काढून टाकलेला कुकर होतो. थर्मोस्टॅट नीट चालतोय तोवर कदाचित काही लक्षात येणार नाही. तो ज्या दिवशी अडकेल त्या दिवशी वाफेला जायला जागा नसेल.

दुसरी जागा म्हणजे गरम-थंड पाण्याच्या पाइपांचे जोड. वॉशर किंवा कनेक्शन पाइप बदलला की झालं.

तिसरी जागा बरोबर खाली मध्यभागी, जिथे एलिमेंटची गोल प्लेट बोल्टने बसवलेली असते. तिथलं गॅस्केट कडक होतं. आमच्याकडे हेच झालं होतं.

चौथी जागा टाकी. ओळखायचं कसं? खालचं झाकण उघडल्यावर प्लेट कोरडी असते, पण फोम ओला असतो. पाणी कव्हरच्या शिवणीतून, कडेने झिरपतं आणि त्याचा रंग बहुतेक वेळा तांबूस असतो. गरम पाण्याच्या नळालाही सकाळी पहिल्यांदा तांबूस पाणी येतं.

एक काळजी घ्या. झाकण उघडायच्या आधी नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा किंवा एमसीबी खाली करा. आणि हे काम वायरमनलाच करू द्या. तुम्ही फक्त शेजारी उभं राहून 'प्लेट कोरडी आहे की ओली, मला दाखवा' एवढं म्हणा. झाकण न उघडता 'टाकी गेली' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचं काही कारण नाही.

'आता पूर्वीसारखं तापत नाही'

ही तक्रार गावाकडे जास्त येते आणि तिचा दोष हटकून गिझरच्या वयाला दिला जातो. थोडं गणित करू.

१५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.७ युनिट वीज लागते. २००० वॉटचं एलिमेंट हे काम २१ मिनिटांत करतं. पण हे २००० वॉट २३० व्होल्टला मिळतात. व्होल्टेज कमी झालं की ताकद त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. घरात १८० व्होल्ट येत असतील तर तेच एलिमेंट जेमतेम सव्वाबाराशे वॉट देतं, आणि २१ मिनिटांचं काम ३४ मिनिटांवर जातं. गिझर तोच, एलिमेंट तेच. शेतीपंप चालू असण्याच्या वेळी ज्या वस्तीत दिवे पिवळे पडतात, तिथे नवा गिझर आणला तरी तोही ३४ मिनिटंच घेणार.

तेव्हा 'तापत नाही' म्हणून नवा घेण्याआधी मल्टिमीटरने दोन आकडे बघायला सांगा. एक, गिझर चालू असताना सॉकेटवर व्होल्टेज किती आहे. दोन, वीज पूर्ण तोडून एलिमेंटचा रोध किती आहे. २००० वॉटच्या चांगल्या एलिमेंटला साधारण २६ ओहम यायला हवेत, ३००० वॉटच्या एलिमेंटला १७-१८. आकडा आलाच नाही तर एलिमेंट तुटलंय. बरोबर आला तर एलिमेंट ठीक आहे आणि संशय थर्मोस्टॅटवर जातो. तो लवकर वीज तोडत असेल. थर्मोस्टॅट हा गिझरमधल्या स्वस्त भागांपैकी एक आहे.

इथे एक शब्द लक्षात ठेवा, 'डायरेक्ट'. थर्मोस्टॅट गेला, नवा भाग दुकानात नाही, मग 'तात्पुरतं डायरेक्ट करून देतो' असं सांगितलं जातं. म्हणजे थर्मोस्टॅट आणि कटआउटला वळसा घालून वीज थेट एलिमेंटला जोडली जाते. मग पाणी किती तापावं यावर कुणाचाच ताबा राहत नाही, बटण बंद करायची आठवण हाच थर्मोस्टॅट. घरात आजी-आजोबा किंवा लहान मुलं असतील तर भाजण्याचा धोका वेगळाच. भाग मिळेपर्यंत चार दिवस चुलीवर पाणी तापवलेलं बरं.

बोअरचं पाणी गिझरचं काय करतं?

नंदुरबार शहराला विरचक धरणाचं पाणी येतं. पण नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे कितीतरी कॉलन्यांमध्ये टाकीत बोअरचं पाणी पडतं. शहादा-तळोद्याच्या बाजूला, ऊस-केळी-पपईच्या पट्ट्यात, तर घरगुती वापरालाही बोअरच. हे पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. बादलीच्या कडेला पांढरा थर, साबणाला फेस नाही, नळाच्या जाळीत खडे, ही त्याची खूण.

पाण्यात विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट तापवल्यावर फुटतो आणि त्याचा चुना होऊन बसतो, जिथे सर्वात जास्त गरम आहे तिथे म्हणजे एलिमेंटवर. बीआयएसच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात एकूण कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरलाय, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलाय. समजा तुमच्या बोअरला ३०० आहे. १५ लिटरच्या एका टाकीत साडेचार ग्रॅम झाले. त्यातला तिसरा हिस्सा जरी आत बसला आणि दिवसाला दोन टाक्या तापवल्या, तर चार महिन्यांच्या एका हिवाळ्यात साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास चुना गिझरमध्ये जमतो. आमचा उघडला तेव्हा तळाशी दोन ओंजळी खडे निघाले. गरम पाणी 'लवकर संपतं' असं आम्ही दोन वर्षं म्हणत होतो, त्याचं एक कारण ते खडेच असणार.

या चुन्याबद्दल एक गैरसमज आहे. 'क्षार बसला की बिल वाढतं' असं सगळीकडे सांगितलं जातं. विजेच्या गिझरमध्ये तसं फारसं होत नाही, कारण एलिमेंट पाण्यातच बुडालेलं असतं, त्याची उष्णता जाणार कुठे? उशिरा का होईना पाण्यातच जाते. नुकसान एलिमेंटचं होतं. चुन्याच्या रजईखाली ते आतल्या आत प्रमाणाबाहेर तापतं, त्याची धातूची नळी तडकते आणि मग एक तर एमसीबी पडतो किंवा पाण्यात करंट उतरतो.

आता तो मॅग्नेशियमचा रॉड. हा आत ठेवलेला असतो झिजण्यासाठीच. टाकीच्या मुलाम्यात कुठेतरी केसाएवढी चीर असतेच, तिथून पाणी लोखंडाला खायला बघतं. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा लवकर गंजतं, म्हणून तोवर पाणी त्यालाच खात राहतं. रॉड संपला की पाळी टाकीची. क्षार जास्त असलेल्या पाण्यात रॉड वर्ष-दोन वर्षांतही संपू शकतो. तो दोन-चारशे रुपयांचा असतो आणि एलिमेंटची प्लेट उघडली की तिथेच दिसतो. आमचा रॉड काढला तर बोटाएवढ्या जाडीचं जे असायला हवं होतं, त्याची तार उरली होती. टाकी वाचली हे नशीब.

म्हणून बोअरवाल्यांनी ऑक्टोबरात, थंडीच्या आधी, एकदा प्लेट उघडून खडे काढून घ्यावेत आणि रॉड बघावा. थर्मोस्टॅट ६० अंशांच्या वर ठेवू नये, जास्त तापमानाला चुना जास्त सुटतो. पाण्याचा नेमका आकडा हवा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना तपासून मिळतो. आकडा खूप मोठा असेल तर नवा गिझर घेताना दुकानदाराला जड पाण्यासाठीची टाकी आणि एलिमेंट कोणतं, हे विचारा.

शॉक लागला तर हिशेब बंद

वरचं सगळं वाचताना 'बघू, हा हिवाळा काढू' असं म्हणायला वाव आहे. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तो वाव नाही. त्या क्षणी एमसीबी खाली, आणि गिझर दुरुस्त होईपर्यंत कुणीही चालू करायचा नाही. 'चप्पल घालून आंघोळ करा' हा उपाय नाही.

बहुतेक वेळा कारण तडकलेलं एलिमेंट असतं आणि ते बदलता येतं. पण प्रश्न असा विचारायला हवा: एलिमेंट तडकलं तेव्हा करंट आपल्यापर्यंत आलाच कसा? अर्थिंग नीट असेल तर तो जमिनीत जायला हवा होता. आरसीसीबी बसवलेला असेल तर वीज क्षणात तुटायला हवी होती. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी एवढ्याशा गळतीलाच पडतो, माणसाचा जीव वाचवण्यासाठीच तो असतो. एमसीबी हे काम करत नाही. तो वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही.

म्हणजे शॉक लागणाऱ्या घरात दोन गोष्टी बिघडलेल्या असतात, गिझर आणि घराची वायरिंग. लोक पहिली बदलतात. दहा हजारांचा पंचतारांकित गिझर त्याच भिंतीवर, त्याच अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर लागतो. चार-पाच वर्षांनी त्याचंही एलिमेंट तडकणारच आहे.

आपल्याकडे अर्थिंगची आणखी एक अडचण आहे, काळी माती. पावसाळ्यात ती ओली असते, अर्थिंगच्या रॉडला घट्ट धरून असते. सुकत गेली की भेगाळते आणि रॉडला सोडते. सप्टेंबरात चांगलं असलेलं अर्थिंग फेब्रुवारी-मार्चला कमजोर झालेलं असू शकतं. जुनी माणसं अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायची, ते उगाच नव्हतं. नव्या घरांमध्ये तो खड्डा फरशीखाली गाडलेला असतो, कुठे आहे हेही घरच्यांना माहीत नसतं.

आणि एक जुगाड आहे जो अर्थिंग नसण्यापेक्षाही वाईट. सॉकेटच्या आत न्यूट्रलची वायर अर्थच्या पिनेला जोडून देतात. टेस्टरला सगळं ठीक दिसतं. पण कुठेतरी न्यूट्रल तुटला की गिझरच्या अख्ख्या बॉडीत करंट येतो. वायरमनला सरळ विचारा, "अर्थची वायर बोर्डापर्यंत वेगळी आलीये का?"

सोबत सॉकेटही बघा. २००० वॉटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो, ३००० वॉटचा १३. तो ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर लावायचा नाही, १६ अँपिअरचाच सॉकेट हवा. प्लग काळा पडला असेल किंवा हाताला गरम लागत असेल तर तक्रार गिझरची नाही, सॉकेटची आहे.

मग पैशांचं काय?

१५ लिटरचा बरा गिझर आज साधारण सहा ते दहा हजारांत येतो. दुरुस्तीत एलिमेंट पाचशे ते बाराशे, थर्मोस्टॅट दोन-पाचशे, व्हॉल्व्ह दीड-चारशे, त्यावर मजुरी. हे अंदाज आहेत, दुकान आणि कंपनीप्रमाणे बदलतात. सर्रास सांगितला जाणारा नियम असा की दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीवर जात असेल तर नवा घ्या. पण टाकी शाबूत असेल तर दुरुस्ती निम्म्यावर जातच नाही. एलिमेंट, थर्मोस्टॅट, गॅस्केट, रॉड सगळं एकदम बदललं तरी बहुतेक वेळा तिसऱ्या हिश्शात काम होतं. म्हणून मला हा नियम वेगळ्या प्रकारे वापरावासा वाटतो. एकाच गिझरवर दोन हिवाळ्यांत मिळून निम्मी किंमत खर्च झाली असेल, तर कुठेतरी मूळ कारण सुटलेलं नाही. ते पाण्यात असेल किंवा व्होल्टेजमध्ये. नव्या गिझरलाही तेच कारण भेटणार.

'जुना गिझर वीज खातो, फाइव्ह स्टार घ्या, बिलात पैसे वसूल होतील', हा दुकानातला दुसरा युक्तिवाद. गिझरचे स्टार कशाचे असतात हे माहीत असेल तर तो लगेच कळतो. पाणी तापवायला प्रत्येक गिझरला जवळपास सारखीच वीज लागते. स्टार ठरतात ते तापलेलं पाणी टाकीत उभं असताना २४ तासांत किती उष्णता वाया जाते यावर. हॉटेलात दिवसभर गिझर चालू असतो, तिथे स्टार महत्त्वाचे. आपल्याकडे सकाळी तासभर चालू होतो आणि बंद. जुन्या आणि नव्यात दिवसाला अर्ध्या युनिटचा फरक आहे असं धरलं, तरी एका तासाच्या वाट्याला येतो त्याचा चोविसावा भाग. १० रुपये युनिट धरा, चार महिने धरा, सगळी बचत होते २५ रुपये. नवा घ्यायचाच असेल तर जास्त स्टारचा जरूर घ्या, पण स्टारसाठी चालू गिझर फेकू नका.

खरा खर्च तापवण्याचाच असतो. रोज दोन टाक्या, १२० दिवस म्हणजे १६८ युनिट, साधारण सतराशे रुपये. तो कमी करायचा तर गिझर बदलून नाही, आंघोळीच्या आधी वीस मिनिटं लावून आणि आटोपल्यावर आठवणीने बंद करून.

मी स्वतः कधी नवा घेईन? टाकी फुटली असेल तर लगेच. गिझर आठ-दहा वर्षांचा असेल, तांबूस पाणी येत असेल आणि वर एलिमेंटही गेलं असेल तर. त्या मॉडेलचा थर्मोस्टॅट, कटआउट कुठेच मिळत नसेल आणि 'डायरेक्ट' हाच पर्याय उरला असेल तर. आणि आयएसआय मार्क नसलेला कुठलाही स्वस्तातला गिझर असेल तर तो दुरुस्तीला न देता. स्टोरेज गिझरवर आयएस २०८२ हा क्रमांक आणि खाली परवान्याचा क्रमांक असतो. तो परवाना खरा आहे का, हे 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून बघता येतं.

गॅस गिझर, सोलर आणि बादलीतला रॉड

गॅस गिझरला हे गणित लागू होत नाही. त्यात गॅस जळतो, बंद बाथरूममध्ये हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. मार्च २०२३ मध्ये धुळवडीनंतर मुंबईत घाटकोपरला एक दांपत्य बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं, तेव्हाही संशय गॅस गिझरवरच होता. ज्योत निळी न राहता पिवळी दिसत असेल, काजळी धरत असेल तर लगेच बंद करून दाखवून घ्या. आणि दुरुस्त करा किंवा नवा घ्या, तो बाथरूमच्या बाहेर लावा.

सोलरची बातमी चांगली आहे. काचेची एखादी नळी फुटली म्हणून अख्खा संच काढायची गरज नसते, तेवढीच नळी बदलते. तांब्याच्या बारीक नळ्या असलेले सपाट पॅनेलवाले सोलर मात्र बोअरच्या पाण्याने आतून बुजतात, तिथे काचेच्या नळ्यांचे संच बरे पडतात.

बादलीत सोडायचा हीटिंग रॉड दुरुस्त करायची वस्तू नाही. वॉटरप्रूफ आवरण तडकलं, वायर सैल झाली की फेका. आणि चालू असताना पाण्यात बोट घालून 'तापलं का' बघणारं कुणी तुमच्या घरात असेल तर हा परिच्छेद त्यांना पाठवा.

बिल सुरतचं, तक्रार कुठे करायची?

नवापूरपासून शहाद्यापर्यंत कितीतरी घरांतली मोठी खरेदी सुरतला होते. ताप्ती लाइनच्या गाडीने गेलं, घेतलं, आलं. नंतर गिझर बिघडला की 'बिल गुजरातचं आहे, तिकडेच जा' असं ऐकायला मिळतं. वॉरंटी कार्ड नीट वाचा. टाकीची वॉरंटी बहुतेक वेळा पाच वर्षं किंवा जास्त असते, एलिमेंटची वेगळी आणि कमी, बाकीच्या भागांची त्याहून कमी. 'वॉरंटी संपली' म्हणजे कशाची संपली, हे विचारा. काही कार्डांवर जड पाण्याने झालेलं नुकसान वगळलेलं असतं, तेही घेतानाच बघावं.

टाकी वॉरंटीत असताना कंपनी टाळाटाळ करत असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, पैसे लागत नाहीत. तिथे नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केलीये: वस्तू कुठूनही घेतलेली असो, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. सुरतचं बिल असलं किंवा ऑनलाइन घेतलेला गिझर असला तरी नंदुरबारच्या आयोगात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं असतं. त्यासाठी बिल, वॉरंटी कार्ड आणि मेकॅनिकने काय सांगितलं त्याची लेखी नोंद हवी. तोंडी 'टाकी गेली' चालत नाही. सर्व्हिसवाल्याकडून जॉब शीटवर लिहून घ्या, नाही दिली तर उघडलेल्या गिझरचा फोटो तारखेसकट काढून ठेवा.

आमच्या घरी नवा रॉड बसलाय, अर्थची वायर बोर्डापर्यंत ओढून घेतलीये आणि आरसीसीबी लावलाय. या सगळ्याला गॅस्केटच्या कितीतरी पट खर्च आला, तरी नव्या गिझरपेक्षा कमीच. आता आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं काम पप्पांनी स्वतःकडे घेतलंय. ते दाबलं की अख्ख्या घराची लाइट जाते, आणि आई दर वेळी चिडते.